मज्जारज्जूची इजा आणि पुनर्वसनाचे शास्त्र : प्रस्तावना

मज्जारज्जूची इजा ही वैद्यकातील एक विचित्र स्थिती आहे. तिच्यातील मूळ बिघाड दुरुस्त करण्याचा उपाय आजही कोणापाशी नाही, आणि तरीही या इजेनंतरच्या आयुष्यात गेल्या आठ दशकांत जो पालट झाला, तसा तो फार थोड्या दुखण्यांच्या बाबतीत झाला असेल. मोडलेला मणका शल्यचिकित्सक सळ्या आणि स्क्रू घालून जागेवर बसवू शकतो, रज्जूवर आलेला दाब काढू शकतो. परंतु रज्जूच्या आतले तुटलेले तंतू पुन्हा जोडून मेंदूचा संदेश पायापर्यंत पोचवणे त्याला अद्याप साधलेले नाही. एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन हस्तलिखितात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचे नेमके वर्णन आढळते आणि हे दुखणे उपचारापलीकडचे असल्याचा निर्वाळाही त्यालाच जोडलेला आहे. विसाव्या शतकाची पहिली तीनचार दशके उलटेपर्यंत हा निर्वाळा बव्हंशी खरा ठरत राहिला. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागलेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले. त्यांच्या मृत्यूचे कारण मात्र लुळेपणा हे नव्हते. अंथरुणाला खिळल्याने शरीरावर पडलेल्या जखमा आणि मूत्रमार्गातून मूत्रपिंडापर्यंत चढलेला जंतुसंसर्ग यांनी त्यांचा बळी घेतला, आणि ही दोन्ही कारणे टाळता येण्याजोगी होती.

ती टाळण्यासाठी एखादे नवे औषध सापडण्याची वाट पाहण्यापेक्षा रुग्ण जगणार आहे असे गृहीत धरून पहिल्या दिवसापासून कामाला लागणारी व्यवस्था हवी होती, आणि ती उभी राहण्यास दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. पुनर्वसन म्हणजे डॉक्टरांचे काम संपल्यावर उरलेल्या दिवसांत करून घ्यायचे व्यायाम, अशी समजूत आजही अनेक रुग्णालयांत आणि बहुतेक घरांत आढळते. गुडघ्याच्या किंवा खांद्याच्या दुखण्यात ती कदाचित खपून जाईल. मज्जारज्जूच्या इजेत मात्र पुनर्वसन हाच मुख्य उपचार असतो आणि शस्त्रक्रिया ही त्याची पूर्वतयारी असते. पुढील विवेचनाचा सारा रोख हे दाखवण्याकडे आहे.

विषयाच्या आकलनासाठी थोडी शरीररचना पाहणे आवश्यक आहे. मज्जारज्जू प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा असतो. तो कवटीच्या तळाशी सुरू होऊन कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. मानेत आठ, छातीच्या भागात बारा, कमरेत पाच, त्याखालच्या त्रिकास्थीच्या भागात पाच आणि माकडहाडापाशी एक, अशी त्यांची विभागणी आहे. इजा ज्या पातळीवर होते, तिच्या खालचे स्नायू इच्छेने हलत नाहीत आणि तिच्या खालच्या त्वचेला संवेदना राहत नाही. मानेच्या चौथ्या पातळीच्या वर संपूर्ण इजा झाल्यास श्वासपटलही थांबते आणि माणूस कृत्रिम श्वसनयंत्रावर अवलंबून राहतो. पाचवी पातळी शाबूत असली तर कोपर वाकवता येते, सहावी असली तर मनगट वर उचलता येते, सातवी असली तर कोपर सरळ करता येते. एकेका पातळीचे अंतर अंगुळभराचे, पण आयुष्याच्या दृष्टीने ते प्रचंड ठरते. कोपर सरळ करता येणारा माणूस हातांवर शरीर उचलून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत स्वतः सरकू शकतो. ज्याला ते करता येत नाही त्याला बहुधा दुसऱ्याचा आधार घ्यावा लागतो.

पातळीइतकेच महत्त्व इजा संपूर्ण आहे की अपुरी यास असते. गुदद्वाराजवळच्या त्वचेला स्पर्श कळतो का आणि तेथील स्नायू इच्छेने आवळता येतो का, या साध्या तपासणीवर तो निर्णय अवलंबून असतो, कारण रज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाशी जोडलेला हा भाग जागा असेल तर मधून काही तंतू वाचले आहेत असे निश्चित होते. अमेरिकन स्पायनल इन्जुरी असोसिएशनने १९८२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली आणि पुढे वारंवार सुधारलेली वर्गवारी याच तपासणीवर उभी आहे. तिच्यात ‘ए’ म्हणजे संपूर्ण इजा आणि ‘ई’ म्हणजे तपासणीत पूर्ववत झालेली संवेदना व शक्ती. इजेनंतरचे काही दिवस किंवा आठवडे रज्जू एका प्रकारच्या बधिर अवस्थेत असतो, तीस मेरुआघात म्हणता येईल. या काळात सर्व प्रतिक्षिप्त क्रिया थंडावलेल्या असल्याने शेवटचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. नातेवाईक नेमका याच काळात ‘चालेल का?’ हा एकच प्रश्न विचारत असतात, आणि त्याला घाईने दिलेले होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तर पुढील कित्येक वर्षे त्या घराचा पिच्छा सोडत नाही.

आधुनिक पुनर्वसनाचा आरंभ सामान्यतः लुडविग गुटमान यांच्या नावाशी जोडला जातो, आणि ते योग्यही आहे, जरी अमेरिकेत डोनाल्ड मन्रो यांनी १९३६ मध्येच बॉस्टन येथे अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला होता. गुटमान १८९९ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतील अप्पर सायलेशियात जन्मले. तरुणपणी एका रुग्णालयात स्वयंसेवक असताना त्यांनी पाठ मोडलेल्या एका कोळसा खाणकामगाराचा काही आठवड्यांत जंतुसंसर्गाने झालेला मृत्यू पाहिला होता. ब्रेस्लाऊ येथे मज्जाशल्यविशारद म्हणून नाव मिळवल्यानंतर ज्यू असल्याने त्यांना नाझी राजवटीत तेथील पद सोडावे लागले आणि १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला आले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या दोस्तराष्ट्रांच्या मोहिमेत पाठीला जखमा झालेले अनेक सैनिक येतील हे ओळखून ब्रिटिश सरकारने १ फेब्रुवारी १९४४ रोजी बकिंगहॅमशायरमधील स्टोक मँडेव्हिल येथे एक विभाग उघडला आणि तो या निर्वासित डॉक्टराच्या हाती दिला. ज्या कामात यशाची कोणालाच अपेक्षा नव्हती, ते परक्यावर सोपवणे सोपे गेले असावे.

गुटमान यांनी तेथे जे केले त्यात दिपवून टाकणारे काही नव्हते. रुग्णांना घातलेले प्लास्टरचे साचे त्यांनी काढून टाकले, कारण त्यांच्याखाली जखमा कुजत होत्या. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः रात्री वॉर्डात फिरत. मूत्राशयाची निगा त्यांनी कोणावर तरी सोपवून न देता डॉक्टरांच्या जबाबदारीचा भाग केली. रुग्ण स्थिर होताच त्याला उठवून बसवले जाई, सुतारकाम किंवा घड्याळदुरुस्ती यांसारख्या कामाला जुंपले जाई आणि खेळायला लावले जाई. शस्त्रक्रियेविषयीची त्यांची तीव्र नापसंती पुढील पिढीने बरीच मागे टाकली. आज अस्थिर मणका लवकर स्थिर करून रुग्णाला लवकर उठवणे हीच सर्वमान्य पद्धत आहे. परंतु कूस, मूत्राशय, बैठक आणि काम या चार गोष्टींना त्यांनी दिलेले स्थान कोणीही हलवू शकलेले नाही.

त्वचेचा प्रश्न प्रथम घ्यावा, कारण तो सर्वांत साधा आणि सर्वांत जीवघेणा आहे. निरोगी माणूस झोपेतही सतत कूस बदलतो, खुर्चीत बसल्यावर दर काही मिनिटांनी नकळत वजन एका नितंबावरून दुसऱ्यावर घेतो, कारण दाबलेल्या जागी रक्त कमी पडू लागताच तेथून अस्वस्थतेची सूचना मेंदूकडे जाते. मज्जारज्जूच्या इजेत ही सूचना पोचत नाही. हाडाच्या उंचवट्यावर, म्हणजे त्रिकास्थी, बैठकीची हाडे, खुब्याचे हाड आणि टाचा यांवर, त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात, खालचा स्नायू आधी मरतो आणि वर त्वचेवर फक्त एक लालसर डाग दिसतो. तो डाग दाबून सोडल्यावरही फिका पडत नसेल तर आत नासाडी सुरू झालेली असते. म्हणून खुर्चीत बसणाऱ्यास दर पंधरा ते तीस मिनिटांनी दोन्ही हातांवर शरीर उचलण्यास किंवा पुढे वाकून वजन हलवण्यास शिकवले जाते, आणि रोज सकाळ-संध्याकाळ आरशाने स्वतःची पाठ व बैठक पाहण्याची सवय लावली जाते. महाराष्ट्रातील घरांत यात एका धोक्याची भर पडते: थंड पडलेल्या पायांत ऊब यावी म्हणून मायेने ठेवलेली गरम पाण्याची पिशवी किंवा शेकलेली वीट. ज्या त्वचेला चटका कळत नाही ती खोलवर भाजते आणि ती जखम भरून यायला महिनोन्‌महिने जातात. पुनर्वसन केंद्रातून घरी जाताना कुटुंबाला सांगायच्या गोष्टींत शेक न देण्याची सूचना औषधांच्या यादीइतकीच ठळक असायला हवी.

मूत्राशयाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आणि अधिक उद्‌बोधक आहे. इजेनंतर मूत्राशय एक तर ढिला पडून भरतच राहतो किंवा त्याच्या भिंती आणि त्याचे दार एकाच वेळी आवळले जाऊन आतील दाब वाढतो, तेव्हा लघवी उलट मूत्रपिंडाकडे ढकलली जाते. कायमची नळी ठेवणे हा सोपा उपाय. पण तिच्या वाटेने जंतू शिरतात, खडे होतात आणि पूर्वी या रुग्णांचा शेवट प्रायः मूत्रपिंडे निकामी होऊन होत असे. ठरावीक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामा करायचा आणि नळी काढून टाकायची, ही पद्धत गुटमान आणि त्यांचे सहकारी हान्स फ्रँकेल यांनी रूढ केली व १९६६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र त्यांची पद्धत पूर्णपणे निर्जंतुक होती आणि ती रुग्णालयाबाहेर टिकणारी नव्हती. मिशिगनमधील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये एक धाडसी मुद्दा मांडला. त्यांच्या मते जंतू शिरण्यापेक्षा मूत्राशय ताणला जाणे अधिक घातक असते, कारण ताणलेल्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि तिची जंतूंशी लढण्याची ताकद जाते. म्हणून हात साबणाने धुऊन, स्वच्छ पण निर्जंतुक न केलेल्या नळीने रुग्णाने स्वतःच वेळेवर मूत्राशय रिकामा करणे पुरेसे आहे. हा विचार त्या काळच्या शल्यगृहांतील संस्काराला धक्का देणारा होता, आणि तो खरा ठरला. साधारणपणे चार ते सहा तासांनी, आणि मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटरहून अधिक लघवी साचू न देता, ही क्रिया करायची असते. ती शिकलेला शेतमजूर दिवसभर घराबाहेर राहू शकतो. न शिकलेला, नळी आणि पिशवी यांच्याशी बांधला गेलेला माणूस, पाय कितीही सुधारले तरी, घरातच राहतो. चालण्याच्या व्यायामासाठी झुरणाऱ्या कुटुंबाला हे पटवणे हे पुनर्वसनातील सर्वांत अवघड संभाषण म्हणावे लागेल. शौचाच्या बाबतीतही वेळेची शिस्त हाच पाया असतो: रोज एकाच वेळी, शक्यतो जेवणानंतर आतडी आपोआप हलू लागतात त्या अर्ध्या तासात, आणि जरूर तेथे बोटाने चेतना देऊन.

या दोन्ही अवयवांशी निगडित असा एक तातडीचा धोका छातीच्या सहाव्या पातळीच्या वर इजा झालेल्यांना संभवतो. इजेच्या खाली कोठेही त्रास झाला, म्हणजे मूत्राशय तुडुंब भरला, नळी पिळवटली, मळाचा खडा अडकला किंवा नखही बोटात रुतले, तर खालच्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जातात आणि मेंदूकडून येणारा आवर खाली पोचत नसल्याने रक्तदाब झपाट्याने चढतो. डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम सुटतो. अशा माणसाचा नेहमीचा रक्तदाब मुळात कमी असतो, म्हणून इतरांच्या हिशेबात साधारण वाटणारा आकडाही त्याच्या बाबतीत गंभीर असू शकतो. त्यास तत्काळ उठवून बसवणे, घट्ट कपडे सैल करणे आणि कारण शोधून दूर करणे, बहुधा मूत्राशय रिकामा करणे, हा पहिला उपचार होय. त्यास आडवे करणे ही सहजप्रेरणेने होणारी आणि प्राणघातक ठरू शकणारी चूक. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टराने आपल्या कारकिर्दीत असा रुग्ण कदाचित एकदाच पाहिलेला असतो, म्हणून ही माहिती रुग्णाला स्वतःला आणि त्याच्या घरच्यांना पाठ असणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

हाताच्या पुनर्वसनात या शास्त्राची बुद्धी सर्वांत स्पष्ट दिसते. मानेची सहावी पातळी शाबूत असलेल्या माणसाला मनगट वर उचलता येते, पण बोटे मिटता येत नाहीत. तथापि बोटे मिटणाऱ्या स्नायूंचे कंडरे मनगटाच्या पुढच्या बाजूने जात असल्याने मनगट वर उचलले की ते आपोआप ताणले जातात, बोटे वळतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो; मनगट खाली सोडले की बोटे उघडतात. या यांत्रिक पकडीला टेनोडेसिस असे नाव आहे. तिच्या साह्याने माणूस पेन, चमचा, कागद, मोबाइल धरू शकतो. परंतु त्यासाठी त्या कंडऱ्यांत थोडा आखूडपणा राखावा लागतो, म्हणून कुशल व्यवसायोपचारतज्ज्ञ बोटे सरळ करताना मनगट खाली वाकवून धरतात आणि मनगट मागे नेताना बोटे वळू देतात. घरी मात्र तेल लावून रोज मालिश होते, बोटे वाकडी राहू नयेत या काळजीने मनगट आणि बोटे एकदमच मागे ताणली जातात, आणि तीच मायेची मालिश माणसाला आयुष्यभर मिळू शकली असती अशी पकड घालवून बसते. केवळ हालचाल वाढवणे हे पुनर्वसनाचे ध्येय नसते आणि कोठे आखूडपणा राखायचा हे ठरवणे हीही विद्याच असते, याचा याहून नेमका दाखला मिळणे कठीण.

व्यवसायोपचार म्हणजे दैनंदिन कामे, हस्तकौशल्य आणि साधनांतील फेरफार यांच्या द्वारे रुग्णाला स्वावलंबी करणारी उपचारशाखा. भारतात तिची सुरुवात मुंबईत झाली, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी परिचित नाही. अमेरिकेत एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या आणि निंबकर कुटुंबात विवाह करून कमला निंबकर झालेल्या विदुषीने १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची देशातील पहिली शाळा उभी केली आणि पुढे व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही स्थापली. फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९५३ मध्ये के. ई. एम. मध्येच फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने हाजी अली येथे, आज अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्राचा प्रारंभ झाला. सैन्यदलाच्या बाजूने पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करत होते, तर खडकी येथील अधरांगघात पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या सैनिकांना निवास, काम आणि खेळ पुरवत आले आहे. पुनर्वसनाच्या विद्येची एवढी जुनी परंपरा ज्या राज्यात आहे, तेथे जिल्हा रुग्णालयातून बाहेर पडलेल्या रुग्णाला पुढे कोठे जावे हे सांगणारे कोणी न भेटावे, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

भारतीय पुनर्वसनाच्या इतिहासात डॉ. मेरी वर्गीस यांचे स्थान अनन्य आहे. वेल्लोर येथील या तरुण डॉक्टरांच्या कमरेखालचा भाग १९५४ मधील मोटार अपघातात लुळा पडला. त्यानंतर त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या विकृत हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड रस्क यांच्या हाताखाली पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात या विषयाचा विभाग सांभाळला आणि १९६६ मध्ये तेथे रुग्णांना ठेवून घेणारी पुनर्वसन संस्था सुरू केली. उपचार करणारी व्यक्ती स्वतःच खुर्चीत असल्यावर रुग्णाला धीर देण्यासाठी वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत. आजही उत्तम केंद्रांत जुन्या रुग्णाला नव्या रुग्णाचा मार्गदर्शक नेमण्याची जी पद्धत आहे, तिचे बळ याच गोष्टीत आहे.

खेळांविषयी थोडक्यात सांगता येईल. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकचे उद्‌घाटन होत असतानाच, गुटमान यांनी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. १९६० मध्ये या स्पर्धा रोमला ऑलिंपिकपाठोपाठ भरल्या, आणि त्यांतूनच पॅरालिंपिकचा विस्तार झाला. तिरंदाजी निवडण्यामागे दंड, खांदे आणि धडाचा तोल सुधारण्याचा निव्वळ वैद्यकीय हेतू होता. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय गेले, उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या पदकाचे कौतुक उशिरा का होईना झाले. मात्र पोहण्याचा तलाव उपचाराचे साधन मानून तो प्रत्येक जिल्ह्यात चाकाच्या खुर्चीने पोचता येईल असा बांधावा, हा त्यातून निघणारा बोध कोणी घेतल्याचे दिसत नाही.

सैन्याचा रुग्ण आणि गावचा रुग्ण यांत मोठे अंतर आहे. भारतात मज्जारज्जूच्या इजेची दोन प्रमुख कारणे म्हणजे उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात. झाडावरून, कठडा नसलेल्या गच्चीवरून, विहिरीत किंवा इमारतीच्या परांचीवरून पडलेला तरुण मजूर हा या विषयाचा सर्वसामान्य नायक आहे. दहीहंडीचे थर कोसळून मानेवर आदळलेल्या गोविंदांची भर मुंबई-ठाण्यात दरवर्षी पडते. जमावातील चौघे अशा जखमीला काखेत आणि पायांत धरून उचलतात, रिक्षात किंवा टेंपोत मान वाकवून कोंबतात आणि अपुरी असलेली इजा काही वेळा रस्त्यातच संपूर्ण होऊन जाते. यानंतर शस्त्रक्रिया होते, कर्ज होते आणि पुनर्वसनाची वेळ येते तेव्हा पैसा व उमेद दोन्ही संपलेली असतात. विलायती पुस्तकांतील पुनर्वसन रुंद दारांचे, उंच पलंगांचे आणि कमोडचे घर गृहीत धरते. येथील घरात उंबरठा असतो, स्वयंपाक आणि जेवण जमिनीवर होते, संडास उकिडव्या बैठकीचा आणि बहुधा अंगणापलीकडे असतो. म्हणून जमिनीवरून खुर्चीत आणि खुर्चीतून जमिनीवर जाणे, बसल्या बसल्या हातांवर सरकणे, मधोमध भोक पाडलेली साधी खुर्ची संडासावर ठेवणे, या गोष्टी भारतीय पुनर्वसनात कडेच्या न राहता मध्यवर्ती ठरतात. निगा घेणारी व्यक्ती जवळजवळ नेहमीच आई किंवा पत्नी असते, तिची पाठही काही वर्षांत जाते आणि तिच्या श्रमांचा हिशेब कोणत्याही योजनेत धरलेला नसतो.

लैंगिक जीवन आणि अपत्यप्राप्ती हा विषय आपल्याकडे डॉक्टरही टाळतात. वास्तविक स्त्रियांची पाळी इजेनंतर काही महिने थांबून बहुधा पूर्ववत सुरू होते आणि त्यांची प्रजननक्षमता टिकून राहते; पुरुषांच्या बाबतीत अडचणी अधिक असल्या तरी वैद्यकीय साह्याने पितृत्व शक्य असते. लग्नाच्या वयातील तरुणांचे प्रमाण एवढे मोठे असताना हे प्रकरण ग्रंथांच्या शेवटी चार ओळींत उरकले जाणे समर्थनीय नाही.

यंत्रे आणि चमत्कार यांविषयी मोजकेच बोलणे बरे. कंबरपट्ट्याने शरीराचे वजन पेलून चालत्या पट्ट्यावर पावले टाकायला लावणे, रोबोटिक साचे, स्नायूंना विजेची चेतना, ही सर्व साधने अपुऱ्या इजेत उपयोगी पडतात. तथापि तेवढाच वेळ जमिनीवर कसून केलेल्या सरावापेक्षा ती ठळकपणे सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी मज्जारज्जूच्या आवरणावर बसवलेल्या विजेच्या पट्ट्यांच्या साह्याने अपुरी इजा झालेल्या तीन पुरुषांना आधार घेऊन चालवून दाखवले, ही दिशा खरोखर आशादायक आहे. याउलट मूलपेशींची इंजेक्शने देऊन चालवण्याचे आश्वासन देणारी खासगी केंद्रे हा निराळा प्रकार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतील मान्य उपयोग सोडता मूलपेशींचा वापर मंजूर संशोधनाबाहेर करता येत नाही. जमीन विकून असे उपचार घेतलेल्या कुटुंबापाशी नंतर चांगल्या गादीसाठी आणि हलक्या खुर्चीसाठी पैसे उरत नाहीत, आणि त्याची किंमत रुग्णाची त्वचा मोजते.

प्रगती मोजण्याची साधने पुनर्वसनाची दृष्टी उघड करतात. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक खाणे, आंघोळ, कपडे घालणे, मलमूत्राचा ताबा, खुर्चीत सरकणे, जिने चढणे अशा दहा क्रियांना मिळून शंभर गुण देतो. स्नायूंची ताकद त्यात कोठेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणाने याच्याही पुढे जाऊन अपंगत्व हे शरीरातील दोष, माणसाची कृती आणि सभोवतालचे अडथळे यांच्या परस्परसंबंधातून घडते असे मानले. बसच्या पायऱ्या, बँकेचा चढाव आणि मालकाची वृत्ती या गोष्टी अशा रीतीने वैद्यकाच्या कक्षेत आल्या. भारतातील २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील विसावे कलम सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आल्यास कामावरून काढण्यास किंवा त्याची पायरी उतरवण्यास मनाई करते आणि योग्य पद नसल्यास त्याच्यासाठी अतिरिक्त पद निर्माण करण्यास सांगते. परांचीवरून पडलेल्या गवंड्याला, आंब्याच्या झाडावरून पडलेल्या कोकणातील गड्याला या कलमाचा उपयोग नाही. त्याला पुन्हा कमावते करण्याचे काम टेलरिंगचे यंत्र हाताने चालेल असे करून देणाऱ्या, किराणा दुकानाची फळी खाली आणून देणाऱ्या एखाद्या व्यवसायोपचारतज्ज्ञाच्या हातीच राहते.

या साऱ्या यशाने अलीकडे एक नवा प्रश्न उभा केला आहे. पूर्वी काही महिने जगणारी माणसे आता इजेनंतर तीस-चाळीस वर्षे जगतात आणि इजेसह म्हातारी होतात. इजेच्या खालची हाडे पहिल्या एकदोन वर्षांतच विरळ होतात, त्यामुळे खुर्चीत सरकताना पाय मुडपला तरी मांडीचे हाड मोडू शकते, आणि वेदना कळत नसल्याने ते सूज व ऊब यांवरूनच ओळखावे लागते. खांद्याचा सांधा चालण्यासाठी घडलेला नाही. दिवसातून अनेकदा सारे शरीर उचलणे आणि चाके ढकलणे याने त्याचे स्नायुबंध झिजतात, आणि ज्याचे पाय आधीच गेले आहेत त्याचा खांदा दुखू लागला की त्याचे उरलेले स्वातंत्र्य धोक्यात येते. खुर्ची हलकी असणे, तिच्या चाकांचा आस किंचित पुढे घेणे, लहान झटक्यांऐवजी लांब व संथ ढकल मारणे, यांनी ही झीज लांबवता येते. वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी तशी खांद्यांचीही तपासणी व्हावी, आणि विजेवर चालणारी खुर्ची घेण्याचा निर्णय खांदे पूर्ण निकामी होण्यापूर्वी व्हावा, याकडे आता या शास्त्राचा कल आहे. ज्यांनी हाताने चाके ढकलण्याचे कौशल्य कष्टाने मिळवले आहे त्यांना हा निर्णय पराभवासारखा वाटतो, आणि त्यांना तो वेळेवर पटवून देण्याची रीत पुनर्वसनकेंद्रांना अजून नीटशी सापडलेली नाही.